भाड्याचा संगणक

(संस्थेच्या शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा आटोपशीर करून)

आमच्या रनाळ्यात चार एकरांचा धनी ट्रॅक्टर विकत घेत नाही. तासाच्या हिशेबाने बोलावतो, नांगरट झाली की पैसे देऊन मोकळा होतो. संगणकाच्या धंद्यात गेल्या वीस वर्षांत हेच घडले. ज्या कंपनीचा सारा संसार विक्रीवर उभा होता, त्या मायक्रोसॉफ्टने अशा वेळी काय केले, ते सांगावयाचे आहे.

जितके संगणक तितके परवाने, हा तिचा हिशेब. त्याला पहिला धक्का आभासीकरणाचा. मोठ्या वाड्यात भिंती घालून दहा बिऱ्हाडे करावीत, तसे एकाच यंत्रात दहा संगणक वेगवेगळे चालवायचे. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ही विद्या साध्या यंत्रांवर आणली. दुसरा धक्का 2006 चा. अ‍ॅमेझॉन ही मुळात दुकानदार कंपनी, पण तिने अशी बिऱ्हाडे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला.

मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये हायपर-व्ही ही भिंती घालण्याची सोय आपल्या सर्व्हरच्या विंडोजमध्येच घालून दिली. शेजारी जे वेगळे दाम घेऊन विकत होता, ते येथे घराबरोबर आले! त्याच वर्षी अ‍ॅझ्युअर जाहीर झाले व 2010 पासून त्याचे भाडे सुरू झाले. 2011 मध्ये ऑफिसही वर्गणीवर मिळू लागले. 2001 साली ज्या लिनक्सला कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी कर्करोगाची उपमा दिली होती, त्यालाही 2012 मध्ये बिऱ्हाड मिळाले. भाडे येत असेल तर घराणे कशाला विचारा? 2014 मध्ये हाच विभाग सांभाळणारे हैदराबादचे सत्या नडेला प्रमुख झाले.

या व्यवस्थेला ढग म्हणतात, पण तो आकाशात नसतो. सप्टेंबर 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणला. चार भिंतींत, विजेवर आणि थंड हवेवर तो चालतो. ज्या बँकांना व कचेऱ्यांना आपली माहिती देशाबाहेर नको होती, त्यांची सोय झाली.

दुसऱ्याने मोडण्याआधी आपलाच जुना धंदा आपण मोडावा, यास धैर्य लागते, हे मी मानतो. परंतु भाडेकरूने मालकाकडेही पाहावे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री बंद केली. आता वर्गणी भरा, नाहीतर बिऱ्हाड हलवा. आणि भरल्या घराचे बिऱ्हाड हलविणे किती जिकिरीचे, हे बदली झालेल्या शिक्षकाला सांगावयास नको.

आमच्या शाळेतील संगणक एकदा ऐन निकालाच्या तोंडावर बसला. सारी गुणपत्रके आम्ही तीन रात्री जागून हाताने लिहिली. आता ती भाड्याच्या जागेत असतात आणि मी निश्चिंत झोपतो. तरीही एक प्रत छापून कपाटात ठेवतो. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते.