साथ, सक्ती आणि स्वातंत्र्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी आनंदाचेच बोलावे, असा रिवाज आहे. तथापि सन २०२० च्या साथीत आपल्या मंदिराची दारे भाविकांस बंद होती, आणि त्या दिवसांत जे निवर्तले त्यांस मूठमाती देण्यास सारे आप्तही जमू शकले नाहीत. ते शल्य ज्यांच्या अंतःकरणात अद्याप आहे, अशी पुष्कळ मंडळी येथे बसली आहेत. “आमच्या स्वातंत्र्यावर हा घाला नव्हता काय?” असा प्रश्न त्यांनी आम्हांस अनेकदा केला आहे. त्याचा आज विचार करू.

प्रथम आपल्याच प्रांताचा इतिहास पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी. रोग पसरला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने सरकारास फार मोठे अधिकार दिले; शिवाय सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा लावता येऊ नये, असेही ठरविले. हाच कायदा सन २०२० मध्येही उपयोगात आला. पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. त्यांनी माजघर पाहिले नाही की देवघर. रोग्यांस इस्पितळात व आप्तांस छावणीत नेण्यात आले. परिणाम काय झाला? लोक रोगीच लपवू लागले. अखेर २२ जून १८९७ च्या रात्री रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व दोघेही प्राणास मुकले. मनुष्यवधाचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. परंतु त्या संतापाचे कारण न पाहणे हाही सत्याचा अपलापच होय.

रोग्यास वेगळे ठेवणे योग्यच होते. त्याच वर्षी पुण्यातच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तोच रोग जडून १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. रोग्यास घरातून दवाखान्यात नेणारे हात दोहोंकडे होते. एका हाताची लोकांस दहशत वाटली, दुसऱ्याचा आधार.

सन १५७६ मध्ये इटलीतील मिलान नगरीत प्लेग आला, तेव्हा नगरवासीयांस घराबाहेर पडण्याची मनाई झाली. तेथील आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी ती मनाई मोडली नाही. त्यांनी चौकाचौकांत वेदी उभारविल्या, जेणेकरून लोकांस आपल्या खिडकीतूनच मिस्सात भाग घेता यावा. आणि स्वतः रोग्यांच्या बिछान्यापाशी गेले.

आमच्या मते निर्बंधाची कसोटी हीच. त्याचे कारण लोकांस उघड सांगावे. त्यास मुदत असावी. आणि ज्याचे दार आपण लावतो, त्याच्या अन्नपाण्याची, औषधाची व अखेरच्या निरोपाची सोय आपणच करावी. “घरी राहा” ही आज्ञा भरल्या घरास सोपी होती. हातावर पोट असलेले मजूर मात्र सन २०२० च्या उन्हात मुलेबाळे घेऊन पायी गावाकडे निघाले. तसेच ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने या रोगाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असा आदेश काढला, आणि हरकत येताच त्याच दिवशी तो बदलून मोठ्या दफनभूमीत दफनास मुभा दिली. हरकत घेणे हा नागरिकाचा हक्क व ऐकून आज्ञा सुधारणे हे सत्तेचे कर्तव्य.

परंतु हक्क सांगणाऱ्यानेही आपले अंतःकरण तपासावे. तोंडास पट्टी न बांधण्याचे माझे स्वातंत्र्य जर शेजारच्या म्हातारीच्या श्वासावर बेतत असेल, तर त्यास स्वातंत्र्य कोण म्हणेल? देवाने मनुष्यास स्वतंत्र केले ते प्रीती करण्यासाठी. आणि प्रीती कित्येकदा दूर राहूनच करावी लागते.

शुभवर्तमानातील कुष्ठरोग्याचे स्मरण करा. ज्यास कोणी शिवत नसे, त्यास प्रभूने हात लावला. आणि लागलीच, नियमाप्रमाणे याजकाकडे जाऊन स्वतःस दाखव, अशी आज्ञाही केली. त्या एकाच कृतीत मनुष्याचा मान राहिला व लोकांचा नियमही राहिला. पुन्हा साथ आली, तर या धर्मग्रामास या दोहोंचे भान राहो, आणि आपल्यापैकी कोणीही एकाकी मरू नये, इतकेच मागणे आम्ही परमेश्वरापाशी करितो.