जिना मोजायचा राहिला

(गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला तो असा, की आपल्या जबलपूरच्या मराठी घरांतली मुलं आता परदेशी आहेत, आई-वडील त्यांच्याकडे जातात, तिथून पुढे फिरायला निघाले तर त्यांनी उतरावं कुठे, यावर बोला. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. ते म्हणाले, मग तर भाषण वेळेत संपेल!

पण या विषयात माझा थोडा अधिकार आहे, कारण या कामात माझी चूक झालेली आहे. तीच सांगायला उभा आहे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. आज सीनियर सेक्शन इंजिनिअर, वर्क्स. पूर्वी आयओडब्ल्यू म्हणायचे, आमच्या मामांच्या तोंडी अजून तेच आहे. म्हणजे क्वार्टर गळतं, संडास तुंबतो, जिन्याचा कठडा हलतो, यासाठी ज्याला शिव्या बसतात तो मी. मामा रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि विजेच्या इंजिनावरून उतरले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, लंडनजवळ असतो. २०१९च्या उन्हाळ्यात मामा-मामी त्याच्याकडे गेले. मामा तेव्हा शहात्तर, मामी एकाहत्तर, आणि मामींचे दोन्ही गुडघे दुखरे.

मामांच्या मनात दोनच जागा होत्या. एक यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. १९३८ साली वाफेवर ताशी १२६ मैलांचा, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर वेग गाठणारं 'मॅलार्ड' इंजिन तिथे उभं आहे. दुसरी एडिंबरोजवळचा फोर्थ पूल. १८९० साली सुरू झालेला, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. मामेभावाला रजा नव्हती. मामा म्हणाले, आम्ही दोघं रेल्वेने जाऊन येतो, मी जन्मभर गाड्याच चालवल्या. आणि राहण्याची सोय बघायचं काम माझ्यावर टाकलं. "तू क्वार्टर्स बघतोस ना? मग घर कसं असतं ते तुलाच कळणार."

हॉटेल नको, हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. तिकडे 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणून प्रकार असतो. राहतं घर असतं, त्यातल्या चार-सहा खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळची न्याहारी भाड्यातच येते. घरमालक बहुधा त्याच घरात राहतात. मामींना हे आवडलं. म्हणाल्या, कोणी बाईमाणूस असेल तर दोन शब्द बोलता तरी येतील. मात्र तिथे हॉटेलसारखा चोवीस तास काउंटरवर माणूस नसतो. तुम्ही किती वाजता येणार ते आधी कळवावं लागतं, खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते, आणि बाहेरच्या दाराची किल्ली तुमच्याच हातात देतात.

यॉर्कचं घर मी नीट निवडलं. मामेभावाने एका गोष्टीची धास्ती घातली होती, बाथटबची. तिकडे पुष्कळ जुन्या घरांत शॉवर हा टबमध्येच उभं राहून घ्यायचा असतो. टबाची कड दीड फुटाच्या वर. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ओल्या पायांनी ती ओलांडायची म्हणजे परीक्षाच. आणि टब टाळून आपल्यासारखं बादली घेऊन बसू म्हटलं, तर तेही शक्य नाही. जुन्या विलायती घरांत वरच्या मजल्यांची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली असते. आपल्याकडे न्हाणीघरात कोपऱ्यात नहाणी ट्रॅप असतो, पाणी सांडलं की वाहून जातं. तिथे तसा ट्रॅप बहुधा नसतोच. टबाबाहेर सांडलेलं पाणी सरळ खालच्यांच्या छतातून उतरतं! माझ्या खात्यातली गोष्ट असल्यामुळे हे मला लगेच पटलं, आणि मामींना मी फोनवर पंधरा मिनिटं समजावलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅगेत एक प्लास्टिकचा पांढरा मग टाकला. तो कशासाठी, ते इथे सर्वांना माहीत आहे. तिकडे संडासात कागद असतो, पाणी नसतं.

तर यॉर्कच्या बूथॅम भागात अशी घरं बरीच आहेत, त्यांतल्या तिघांना मी ई-मेल लिहिली. खोली कोणत्या मजल्यावर? रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? आंघोळीला टब की सपाट शॉवर? न्याहारीत अंडं-मांस नको, तर काय द्याल? दोघांनी 'आमच्याकडे सर्व सोयी आहेत' असं छापील उत्तर पाठवलं. तिसऱ्या बाईंनी सहा ओळी लिहिल्या. मागच्या बाजूची तळमजल्याची खोली देते, दाराशी दोन पायऱ्या आहेत, तिथे धरायला दांडा आहे, शॉवरला चार इंचांचा उंबरा आहे. ओटची लापशी, टोस्ट, बीन्स, टोमॅटो आणि मशरूम देईन, हवं तर वेगळ्या पॅनमध्ये करीन. गाडी लवकर पोहोचली तर सामान आणून ठेवा, खोली मात्र तीनला. भाडं बाकी दोघांपेक्षा आठ पौंड जास्त होतं, पण मी तेच घर घेतलं. माणसाने पायऱ्या मोजून कळवल्या म्हणजे तो पाहुण्याचा विचार करणारा असणार.

तसंच झालं. मामा-मामी तिथे तीन रात्री राहिले. त्याच वर्षी नदीवरच्या स्कारबरो रेल्वे पुलाला लागून पादचाऱ्यांसाठी नवा रुंद मार्ग झाला होता, रॅम्पसकट. जुन्या मार्गाला पायऱ्या होत्या. बाईंनी स्वतः नकाशावर पेनने रेघ मारून दिली, आणि मामी त्या रॅम्पवरून आपल्या पायांनी चालत संग्रहालयात गेल्या. ते संग्रहालय १९७५ साली सुरू झालं ते एका जुन्या इंजिन शेडमध्ये. मधोमध टर्नटेबल, भोवती इंजिनं. मामा आत शिरले आणि म्हणे दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मामींनी मला फोन केला, "अरे, यांना शेडचा वास आला. ड्यूटीवर आल्यासारखे उभे आहेत."

आता एडिंबरो.

यॉर्कचं झालं, गाड्यांची तिकिटं झाली, स्टेशनवर मामींना मदतीचा माणूस मिळावा म्हणून मामेभावाने आगाऊ कळवलं. ही सोय तिकडे फुकट आहे, जरूर घ्यावी. विमा झाला. परदेशी पाहुण्याला तिथला दवाखाना महाग पडू शकतो, म्हणून तो हवाच. या सगळ्यात एडिंबरोचं राहून गेलं. त्यांचे दिवस होते ३ ते ६ ऑगस्ट. एडिंबरोला १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये नाटका-संगीताचे मोठे उत्सव भरतात, जगभरातून माणसं येतात, हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीत पुण्याला नदीपलीकडे खोली शोधून पाहा, म्हणजे कल्पना येईल. भाव दुपटीच्या वर गेलेले, आणि बहुतेक घरं भरलेली. शेवटी एका संकेतस्थळावर एक खोली दिसली. फोटो सुरेख, उतरतं छत, खिडकीतून किल्ला दिसतो, स्टेशनपासून अंतर कमी. पैसे परत मिळणार नाहीत या अटीवर रोज पंधरा पौंड कमी. चार तारेही होते. घरमालकांना ई-मेल लिहून उत्तराची वाट पाहत बसलो तर ही खोलीही जाईल, असं वाटलं. रात्री अकरा वाजता मी बटण दाबलं.

मंडळी, उतरतं छत म्हणजे काय? छपराखालची खोली. म्हणजे सगळ्यात वरची. हे कळायला डिप्लोमा लागत नाही, आणि मी तर वीस वर्षं हेच काम करतो आहे. पादचारी पुलाची एक पायरी अर्ध्या इंचाने चुकली तर मी ठेकेदाराला ती तोडून पुन्हा करायला लावतो. त्या रात्री मात्र मी फोटो पाहिला, भाव पाहिला, नकाशावर अंतर मोजलं, आणि उंची पाहिलीच नाही. तिथले तारे हे टापटीप, आतिथ्य, न्याहारी यांबद्दल असतात. तारे पाहून जिना कळत नाही. शिवाय एडिंबरोचं वेव्हर्ली स्टेशन खोलगट भागात आहे. तिथून कुठेही जायचं तर बहुधा चढच. सपाट नकाशावरचं अंतर त्या शहरात फसवं आहे.

रस्त्यापासून दारापर्यंत पाच पायऱ्या, मग तीन मजले. शेवटचा जिना लाकडी, अरुंद, शिडीसारखा. लिफ्ट नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या घरात ती बसवणार तरी कुठे?

पहिल्या दिवशी मामी वाटेत तीनदा बसल्या. सामान घरमालकाने वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला खाली आल्या आणि मग प्रश्न पडला. वर गेलं तर पुन्हा खाली येणं नाही, आणि पूल बघायला गेलं तर संध्याकाळी ते सगळे जिने चढण्याइतके गुडघे उरणार नाहीत. मामींनी ठरवलं, पूल राहू दे. मामा एकटे लोकल गाडीने फोर्थ पुलावरून पलीकडे नॉर्थ क्वीन्सफेरीला गेले, आणि मामी न्याहारीच्या खोलीत बसून राहिल्या. घरमालकीण भली होती. तिने दोनदा चहा दिला, आपली बसायची खोली उघडून दिली, दूरदर्शन लावून दिलं. यात तिचा काहीच दोष नव्हता, वर मजला लिहिलेला होता. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' हे शब्द अटींच्या यादीत होते. मी नंतर शोधले तेव्हा सापडले.

त्या तीन दिवसांत मामींनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाल्या, खोली छान आहे, किल्ला दिसतो. मीही इथे कॉलनीत सांगत सुटलो की दोन्ही ठिकाणं उत्तम मिळाली. दिवाळीला ते परत आले तेव्हा मामींनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं, आणि मला तिच्याकडून कळलं. मामा तर काहीच बोलले नव्हते. पुलाचे फोटो दाखवताना एवढंच म्हणाले, "शेजारी कोणी नव्हतं रे, हिला असायला हवं होतं. असं काम आता कोण करतो?" मी मामींसमोर बसलो आणि म्हटलं, मामी, चुकलं माझं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "पैसे परत मिळणार नव्हते ना? मग तुला रात्रभर जागवून काय करायचं होतं?"

मामींची खर्चाची वही आहे. चहा किती पौंड, बस किती पौंड, सगळं टिपलेलं. एडिंबरोच्या पानावर वरच्या कोपऱ्यात फक्त एक आकडा आहे, ५९. मी विचारलं, हे कशाचे? म्हणाल्या, पायऱ्यांचे. पाच आणि चोपन्न.

तेव्हापासून कॉलनीत कोणाचेही आई-वडील निघाले की मी आधी ई-मेल लिहून देतो. दोन-तीन बारकाव्यांना मी स्वतः फसलो असतो, ते सांगून ठेवतो. तिथे 'ग्राउंड फ्लोअर' म्हणजे आपल्यासारखाच तळमजला, पण 'लोअर ग्राउंड' म्हटलं तर रस्त्यापासून खाली उतरायचं असतं, तिथेही जिना आलाच. खोलीत चहाची किटली बहुधा असते, तेव्हा चहापूड आपली न्या. प्लगच्या पिना चौकोनी असतात, आपला चार्जर बसत नाही. आणि उत्तर आलं की ते पूर्ण वाचा. घाईत असाल, खोल्या संपत आल्या असतील, तर त्या दिवशी दोनदा वाचा. उत्तर देणारा कंटाळून लिहितो की आपुलकीने, ते इंग्रजी बेताचं असलं तरी कळतं. माझंही बेताचंच आहे.

यॉर्कच्या बाईंची नंतर एक ई-मेल आली होती. तुमच्या मामी एक छोटा पांढरा जग बाथरूममध्ये विसरल्या आहेत, पोस्टाने पाठवू का? आता त्यांना काय उत्तर द्यावं? मामींना विचारलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे तिथेच. आपल्यातलं कोणी ना कोणी जाईलच." त्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आरती झाली की मागे प्रसादाच्या टेबलापाशी भेटावं, मी तिथेच ड्यूटीवर आहे.

गणपती बाप्पा मोरया!