टोपीवरचा स्तंभ



भिलाईहून नागपूरला जाताना कामठी आली की आपण सामान आवरू लागतो. याच कामठीत 1946 साली महार मशीनगन रेजिमेंटचे केंद्र स्थापन झाले होते. सैनिकी पेशाशी माझा संबंध नाही; परंतु सरकारी कागदांवरील राजमुद्रा पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याला बोधचिन्हांचे कुतूहल वाटणारच.

लष्करी चिन्हात निव्वळ शोभेला स्थान थोडे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हात बिगुल आहे, कारण पांगून लढणाऱ्या चपळ पायदळाला हुकूम बिगुलाच्या इशाऱ्यानेच मिळत.

महार रेजिमेंटच्या चिन्हाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात तिची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरील बिल्ल्यात कोरेगावचा जयस्तंभ होता. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचे ते स्मारक. त्यावर कोरलेल्या मृतांच्या 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते महार शिपाई. विजय कंपनीचा, पराभव पेशव्यांचा. मग हा स्तंभ मिरवावा का, असे कोणी विचारील. माझे उत्तर कारकुनी आहे : तो पुरावा होता. 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली; ‘लढाऊ जाती’ कोणत्या, हे साहेबाने ठरविले होते. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडताच, 1917 साली, 111 वी महार पलटण उभारली गेली आणि 1921 साली मोडलीही. ज्यांची सेवाच नाकारली गेली, त्यांनी दगडावरची नोंद पुढे केली. डॉ. आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी त्या स्तंभापाशी गेले होते, ते उगाच नव्हे.

1946 साली स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगना तिरप्या आल्या. पुढे स्तंभ गेला व त्याच्या जागी खंजीर आला. स्वतंत्र भारताच्या शिपायाने कंपनीचा विजय डोक्यावर वाहू नये, हे बुद्धीला पटते. तरीही मला हळहळ वाटते. कारण त्या बिल्ल्यात कंपनी नव्हती, ती 22 नावे होती. अर्थात बिल्ल्यावरून गेलेला स्तंभ लोकांच्या मनातून गेला नाही. दर 1 जानेवारीला कोरेगावची गर्दी पाहावी. गंमत अशी की व्हिकर्स मशीनगना सैन्यातून केव्हाच निवृत्त झाल्या, चिन्हावर मात्र कायम आहेत!

रेजिमेंटचे केंद्र आता सागरला आहे, ब्रीद ‘यश सिद्धी’. नाव तेच राहिले, पण तिच्यात देशभरचे, सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, तमिळ घरातले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत, छातीत गोळी लागलेली असताना, त्यांनी शत्रूची रायफल हिसकावून त्याला ठार केले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले हे अधिकारी 8 महारचे होते.