आकाशातील टक्कर व शिकाऊ वैमानिक



मोप येथे ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली आणि पेडणे-डिचोलीच्या मुलांना विमान हा नित्याचा देखावा झाला. एवढ्या विस्तीर्ण आकाशात दोन विमाने आदळतील कशी, असे ती विचारतात. गोव्याने हे पाहिले आहे. १ ऑक्टोबर २००२ रोजी दाबोळीनजीक नौदलाची दोन आयएल-३८ विमाने हवेत टकरली. त्यांतील १२ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ती विमाने मुद्दाम जवळून उडत होती. शिकाऊ वैमानिकाचा धोका निराळा आहे.

प्रशिक्षणाची लहान विमाने एकाच धावपट्टीभोवती फेऱ्या घालतात. समोरच्या काचेवर जे विमान सरकताना दिसते, ते बहुधा निघून जाते. जो ठिपका एकाच जागी स्थिर राहतो, तोच आपल्यावर चालून येत असतो. आणि स्थिर ठिपका डोळ्यास सहसा जाणवत नाही. अखेरच्या काही सेकंदांत तो एकाएकी मोठा होतो. तेरेखोल नदीवरील नावाड्यास हे शिकवावे लागत नाही. दुसरी होडी त्याच दिशेस राहून मोठी दिसू लागली, की तो आपली होडी वळवितो.

म्हणून शिकाऊने मान वळवून आकाश टप्प्याटप्प्याने न्याहाळावे. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे. वाटा छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हातास दुसरे विमान असेल, त्याने वाट द्यावी. थोडक्यात टळलेली टक्कर मात्र लाजेपोटी लपवू नये. ती कळविली तरच फेऱ्यांची आखणी सुधारता येते.

शिक्षकांनी मैदानाच्या दोन कोपऱ्यांतून दोन मुलांना मध्याकडे सारख्या वेगाने चालवून पाहावे. मान स्थिर ठेवल्यास सोबती जागचा हललेला दिसणार नाही.