हॅलो, आधी तुमचा रेडिओ बंद करा

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागच्या बाजूने मसालेभाताचा वास यायला लागलाय. म्हणून फार पाल्हाळ लावत नाही.

ब्रिस्टलला आलो तेव्हा ऑफिसला गाडीने जायचो. एम ३२ वरच्या त्या रोजच्या गर्दीत सोबत असायची ती रेडिओवरच्या सकाळच्या फोन-इन कार्यक्रमाची. विषय काहीही. कचऱ्याचे डबे, उशिरा येणाऱ्या बसेस, पार्किंगचे परवाने, मग ब्रेक्झिट. कोणी आजी फोन करून नगरसेवकाला सरळ झापायची आणि तो बिचारा "तुमचा मुद्दा बरोबर आहे" म्हणायचा. मला हे नवलच होतं. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुढे देता येतात. त्यामुळे पुण्यात आमच्या लहानपणी राजकारण होतं ते कट्ट्यावर, रेडिओवर फक्त गाणी!

पण पाच-सहा वर्षं मी नुसता ऐकत होतो. मनात एकच, आपण पाहुणे, आपल्याला काय करायचंय? हा समज तसा आधीच मोडायला हवा होता. २३ जून २०१६ च्या सार्वमतात भारतीय पासपोर्टवर मी मत दिलं होतं, कारण इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताचा हक्क आहे. शेजारच्या टेबलावरचा माझा पोलिश मित्र, ज्याचं सगळं भवितव्य त्या मतावर टांगलेलं, त्याला मात्र मत नव्हतं. त्या दिवशी त्याच्याशी बोलताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. तरी फोन काही केला नाही.

मग आला ७ जून २०२०. रविवारी दुपारी लोकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दोर लावून पाडला आणि गडगडत नेऊन बंदरात टाकला. १८९५ साली बसवलेला पुतळा, गुलामांच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या माणसाचा. सोमवारी सकाळी, लॉकडाऊनमुळे स्वयंपाकघरातच थाटलेल्या ऑफिसात, मी रेडिओ लावला. एक म्हणे झुंडशाही, दुसरा म्हणे शंभर वर्षं उशीर झाला. आणि मला एकदम आठवली मुठा नदी.

जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठेत टाकला होता. कारण 'राजसंन्यास' नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. आमच्या घरी त्यावरून बाबा आणि काका यांच्यात चार दिवस अबोला होता!

फोन उचलणाऱ्या बाईने नाव, कुठला भाग आणि काय बोलणार एवढं विचारून ठेवून दिला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "आधी तुमचा रेडिओ बंद करा." कारण साधं आहे. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, कोणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून. म्हणजे आपला बफर! रेडिओ चालू राहिला तर स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि माणूस गडबडतो.

मी रेडिओ बंद करूनही गडबडलो. पुण्याची गोष्ट सांगितली, तोवर ठीक. मग निवेदकाने विचारलं, "म्हणजे काल झालं ते बरोबर की चूक?" मी म्हणालो, दोन्ही पुतळे सारखे नाहीत. एक नाटककार, १९१९ साली गेला, कोणाला विकलं नाही की खरेदी केलं नाही. दुसऱ्याच्या कंपनीने हजारो माणसं जहाजात कोंबली. पुण्यातलं मला चूक वाटतं. इथलं... इथल्या पुतळ्याखाली गुलामगिरीचा उल्लेख करणारी नवी पाटी लावायची म्हणून २०१८ मध्ये मजकूर तयार झाला, शब्दांवरून वाद झाला आणि पाटी लागलीच नाही. पाटीचे शब्द ठरत नसतील तर लोक दोर आणणारच, असं काहीसं मी बोललो. "म्हणजे बरोबर?" "पूर्ण बरोबर नाही." तेवढ्यात वाहतुकीच्या बातम्या.

मी चडफडत बसलो. एवढी वर्षं थांबून केलेला फोन आणि धड उत्तर नाही! बायको म्हणाली, "अरे, तू भाषण करत होतास."

पुढचा फोन एका वयस्कर गृहस्थांचा. त्यांनी १९६३ चा बस बहिष्कार सांगितला. ब्रिस्टलची बस कंपनी गोऱ्या नसलेल्यांना कंडक्टर-ड्रायव्हर घेत नव्हती. चार महिने बहिष्कार चालला, शेवटी कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये पहिला कंडक्टर झाला तो रघबीर सिंग, एक शीख. मी इतकी वर्षं त्याच रस्त्यांवर बसने फिरलोय, हे मला ठाऊक नव्हतं.

पुतळा चार दिवसांत पाण्यातून काढला. आता तो एम शेड संग्रहालयात आहे, आडवा, रंगाच्या डागांसकट. मागच्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा दाखवायला नेला. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी रेडिओवर तू काय सांगितलंस नक्की?"

मी म्हटलं, चहा घेऊया आधी.