नामदेवांना बोलता आलं

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव. जन्म 1270चा. ज्ञानेश्वर त्यांच्याहून पाचेक वर्षांनी लहान. दोघं मिळून तीर्थयात्रेला गेले. पुढे 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव तिथे हजर होते, असं परंपरा सांगते.

ही समाधी आधी ठरलेली होती. म्हणजे निरोपाला वेळ होता, आणि जमलेल्यांनी तो वाया घालवला नाही. नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग वाचा. ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ, त्यांचे गुरू असूनही, धाकट्या भावासाठी कळवळतात. संत म्हणून कुणी डोळे कोरडे ठेवत नाही. नामदेवांच्या घरातही बोलायची चोरी नव्हती. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठलापायी संसार सोडल्याची चक्क भांडणं आहेत! मला तर ती मायेचीच वाटतात. त्याच घरातली जनाबाई स्वतःला उघडपणे ‘नामयाची दासी’ म्हणवून घेते.

आपल्याला मात्र मनातलं असं बोलता येत नाही. आता आपल्याकडचा फोन ऐका. पोरगा पुण्यात, बाप वसमतला. “हळदीला काय भाव लागला?” “बरा हाय.” “पाऊस?” “पडला थोडा.” मग, “ठेवू का?” दोघांनाही आणखी काही सांगायचं असतं. पुढच्या वेळी भाव विचारून झाला की एवढंच म्हणा, “बाबा, तुमची लई आठवण येती.” पलीकडून बहुधा “बरं, जेवलास का?” एवढंच येईल. येऊ द्या. फोन लगेच ठेवू नका.