संगणक मध्येच का थांबतो?

मंडळी, मुलगी संगणकावर अर्ज भरत बसते अन् तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लिहिलेलं सारं गेलं! राग येणारच. ही अपडेटची, म्हणजे दुरुस्तीची खटपट असते.

पण ती कायमची बंद करू नका बरं. विंडोजची अशीच एक दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. कितीकांनी ती घेतली नाही. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा चोर त्यांच्या संगणकात शिरला. त्यानं फायलींना कुलूप घातलं अन् पैसे मागितले.

मग करावं काय? सेटिंगमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा. अर्जाचा आठवडा असेल, तर अपडेट तेवढे दिवस थांबवता येते. रोजच्या कामाचे तास ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये घाला. जळगाव जामोदला बाजाराला निघण्याआधी काम जतन करा, अन् मग ‘रिस्टार्ट’ दाबा.